मनातला हातचा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मद्य, युद्ध आणि मनाची जखम हा विषय आम्ही का निवडला, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. कार्यवाहांनी तर तो आम्हांस स्पष्टच विचारला. व्याख्यानमालेत संतवाङ्मय आहे, नाट्यसंगीत आहे. मग मध्येच हे काय? शिवाय आम्ही वैद्य नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. बी.ए.च्या पदवीवर केंद्र सरकारच्या कचेरीत आयुष्य घालविलेले साधे गृहस्थ आहोत. तेव्हा आज जे सांगणार आहोत, ते अधिकारवाणीने नव्हे, तर शेजारधर्माच्या नात्याने, आणि खरे सांगावयाचे तर काहीशा अपराधी भावनेने.

आपल्या या छावणीच्या गावी मराठी माणूस आला तो मुख्यत्वे तीन वाटांनी: रेल्वे, सरकारी नोकरी आणि पलटण. आपल्या सभासदांत निवृत्त सैनिकांची घरे थोडी नाहीत. त्यांपैकी एक सुभेदार आमच्या शेजारी राहतात. त्यांच्या संमतीने, परंतु नाव न घेता, त्यांची हकीकत सांगतो. सैन्यात 28 वर्षे काढलेला हा माणूस दिवसा सर्वांच्या उपयोगी पडणारा. गणपतीच्या मांडवाचे दोर त्यांनीच बांधावेत, पंगतीत वाढपाची शिस्त त्यांनीच लावावी. दिवेलागण झाली की मात्र बाटली. काही वर्षांपूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत कोणा उत्साही मुलाने फटाक्यांची लांब माळ लावली. सुभेदारांनी हातातले लेझीम खाली टाकले आणि ते तडक निघून गेले. आम्ही मागोमाग गेलो. मागच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून ते बसले होते. समोर पेला होता. त्या वेळी आम्ही त्यांना जे बोललो, ते आपण सारेच बोलतो. "सुभेदारसाहेब, तुम्ही शिस्तीतली माणसं. मनावर थोडा ताबा ठेवायला काय होतं?"

ते म्हणाले, "साहेब, रोज सकाळी ठरवतो हो. संध्याकाळपर्यंत ते ठरवलेलं हातात राहतच नाही."

ही पळवाट आहे, असे आम्हांस तेव्हा वाटले. पुढे याच विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो, तेव्हा ध्यानात आले की सुभेदारांनी आपल्या दुखण्याचे अचूक निदान केले होते, आणि चूक आमची होती. आजचे व्याख्यान म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती होय.

युद्धाने मन जायबंदी होते, ही गोष्ट जगाने फार उशिरा मान्य केली. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, 1871 साली, जेकब दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी धडधड, दम लागणे, थकवा अशा तक्रारी असलेल्या सैनिकांचे वर्णन लिहून ठेवले. पण त्यांनी दोष शोधला तो हृदयात. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. तोफगोळ्यांच्या स्फोटाने मेंदू हादरतो, अशी तेव्हाची कल्पना. सैन्याधिकाऱ्यांच्या लेखी मात्र त्यांतले अनेक जण भेकडच होते. पलायन, भेकडपणा अशा ठपक्यांवरून ब्रिटिश सैन्याने त्या युद्धात आपल्याच 300 हून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना सरकारी क्षमा मिळाली ती 2006 साली. क्षमापत्राला सुमारे 90 वर्षे लागावीत, यावरून समाजाच्या मनातला 'भेकड' हा शब्द किती चिवट असतो ते दिसते.

व्हिएतनामचे युद्ध 1975 साली संपले. परत आलेल्या सैनिकांपैकी कित्येक जण रात्री दचकून उठत, गर्दीत पाठ भिंतीला लावून बसत, आणि पीत. त्यांच्यासाठी झगडणाऱ्या डॉक्टरांच्या व सैनिकांच्या खटपटीचा या व्याधीला मान्यता मिळण्यात मोठा वाटा होता. 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत ग्रंथात तिला स्वतंत्र नाव दिले. मराठीत आपण तिला आघातोत्तर तणावविकार म्हणू. पुढे अमेरिकन सरकारने मोठी पाहणी करविली. व्हिएतनामच्या रणभूमीवर जाऊन आलेल्या पुरुषांपैकी सुमारे 15 टक्के लोकांना, युद्ध संपून दहा-बारा वर्षे लोटल्यावरही, हा विकार होता असे तीत आढळले. म्हणजे दर सहा-सात जणांमागे एक. इतक्या लोकांना भेकड कसे म्हणावे?

आता मद्य यात कोठून शिरते ते पाहू. एडवर्ड खान्झियन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1985 साली असा विचार मांडला, की व्यसनी माणूस पुष्कळदा सुखासाठी पीत नसून दुःखावरचे औषध म्हणून पीत असतो. ज्याला डोळे मिटताच स्फोट दिसतात, त्याला पहिल्या दोन पेल्यांनी झोप येते. हे खोटे नव्हे. परंतु मद्याची झोप उसनी असते. पूर्वरात्री ती गाढ लागते आणि उत्तररात्री मोडते, स्वप्ने विस्कटतात. सकाळी माणूस अधिक थकलेला आणि अधिक दचकणारा उठतो. मग सायंकाळी औषधाची मात्रा वाढते. पुष्कळ वर्षे डॉक्टर असे म्हणत, की आधी पिणे सोडा, मग मनाच्या आघाताचे पाहू. आता माजी सैनिकांवर उपचार करणाऱ्या अमेरिकन सरकारी यंत्रणेचीही भूमिका अशी आहे, की दोहोंवर बरोबरीने उपचार करावेत. एक विकार आहे म्हणून दुसऱ्याचा उपचार रोखू नये.

या दोन विकारांखेरीज तिसरी एक गोष्ट असते, आणि तीच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. ती म्हणजे मनातला हातचा.

आपण सर्वांनी लहानपणी बेरीज केली आहे. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. हा हातचा पाटीवर नसतो. पुढची बेरीज करीपर्यंत तो मनात धरून ठेवावा लागतो. तो निसटला की बाकी सारे बरोबर असूनही उत्तर चुकते. मानसशास्त्रात या शक्तीला कार्यकारी स्मृती म्हणतात. ही शक्ती मर्यादित आहे. जॉर्ज मिलर यांनी 1956 साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात दाखविले, की माणसाला एका वेळी साधारण सातच गोष्टी, दोन कमी किंवा दोन अधिक, मनात धरता येतात. गृहिणी एका चुलीवर दूध, दुसरीवर भाजी ठेवून दाराशी आलेल्या माणसाशी बोलते, तेव्हा ती हातचाच सांभाळीत असते.

आता विचार करा. 'आज पिणार नाही' हा सकाळचा निश्चय हाही एक हातचाच आहे. दिवसभराच्या कटकटीतून, मित्राच्या आग्रहातून, अंधार पडल्यावर वाढणाऱ्या धास्तीतून तो सायंकाळपर्यंत मनात धरून ठेवावा लागतो. मेंदूचा जो पुढचा भाग हे काम करतो, त्याला दीर्घकाळच्या मद्यपानाने इजा होते. आघातोत्तर तणावाच्या विकारातही लक्ष एकाग्र राहत नाही, कारण मनाचा अर्धा पहारा सदैव दाराकडे लागलेला असतो. स्फोटाने डोक्याला मार बसला असेल तर आणखी भर. म्हणजे ज्या शक्तीच्या बळावर संयम पाळायचा, जखम झाली आहे ती त्याच शक्तीला. अशा माणसास 'मनावर ताबा ठेव' म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्यास 'चालत दवाखान्यात जा' म्हणण्यासारखे आहे.

मग ही शक्ती व्यायामाने परत मिळविता येईल काय? या प्रश्नातून संगणकावरील बौद्धिक व्यायामांचा जन्म झाला. एका प्रकारात पडद्यावर एकामागून एक अक्षरे येतात, आणि आत्ता आलेले अक्षर दोन घरे मागच्या अक्षरासारखे आहे काय, ते सांगायचे असते. जमू लागले की तीन घरे, मग चार. संगणक आपल्या कुवतीच्या किंचित पुढे राहतो, तालमीतल्या वस्तादासारखा. 2011 साली नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रमाणाबाहेर पिणाऱ्या 48 माणसांवर अशा व्यायामाचा प्रयोग केला. एकंदर 25 बैठका. ज्यांचा व्यायाम उत्तरोत्तर कठीण होत गेला, त्यांचे पिणे कमी झाले आणि पुढे महिनाभर कमी राहिले. परंतु 2019 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील प्रयोगात स्मृती सुधारली, तरी पिण्यात ठळक फरक पडला नाही. दोन्ही गोष्टी आपण ध्यानात ठेवू.

दुसरा प्रकार याहून साधा. व्यसनी माणसाचा हात विचार करण्यापूर्वीच पेल्याकडे जातो. ही हाताची सवय उलटी वळवता येईल काय? पडद्यावर चित्र येते. हातात एक दांडी असते. दांडी पुढे ढकलली की चित्र लहान होत दूर जाते, ओढली की मोठे होत जवळ येते. मद्याची चित्रे दर वेळी ढकलायची, सरबताची, पाण्याची ओढायची. शेकडो वेळा. हे ऐकून हसू येते, आम्हांसही आले. परंतु जर्मनीतील एका व्यसनमुक्ती रुग्णालयात 214 रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि 2011 साली प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार सर्वांना होते. काहींना त्यांत या व्यायामाच्या अवघ्या चार छोट्या बैठकांची भर होती. वर्षानंतर व्यायाम केलेल्यांपैकी 46 टक्के पुन्हा पिऊ लागले होते, न केलेल्यांपैकी 59 टक्के. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे मद्य नुकतेच सोडलेल्या 300 रुग्णांवर झालेला प्रयोग 2021 साली प्रसिद्ध झाला. घरी गेल्यावर पहिले दोन आठवडे थेंबही न घेतलेले लोक व्यायाम केलेल्यांत 54 टक्के होते, तर दिखाऊ व्यायाम दिलेल्यांत 42 ते 43 टक्के.

तिसरा प्रकार आघाताच्या आठवणींचा. वरून पडणारे ठोकळे फिरवून रांगेत बसविण्याचा 'टेट्रिस' हा खेळ आपल्या मुलांना ठाऊक आहे. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात, रस्त्यावरील अपघातानंतर काही तासांच्या आत आणलेल्या 71 जणांवर प्रयोग झाला. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींना अपघात क्षणभर आठवावयास सांगून मग हा खेळ खेळावयास दिला. त्यांच्या मनात पुढील आठवड्यात अपघाताची दृश्ये इतरांपेक्षा कमी वेळा उसळली. मनाचे डोळे ठोकळे मांडण्यात गुंतले, की भीषण चित्राला तेथे पक्के बसावयास जागा उरत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण देतात.

श्रोतेहो, येथे सावध राहिले पाहिजे. वर सांगितलेले रुग्ण माजी सैनिक नव्हते. मद्य आणि युद्धाघात दोन्ही ज्यांना आहेत, अशा सैनिकांवर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत असे प्रयोग होत आले आहेत. तथापि 'हा घ्या रामबाण' असे म्हणण्यासारखी स्थिती नाही. खेळाच्या सरावाने खेळ सुधारतो, हे निश्चित. आयुष्य सुधारतेच, असे नाही. शिवाय या क्षेत्रात बाजारही शिरला. 'लुमॉसिटी' या बौद्धिक खेळांच्या अमेरिकन कंपनीच्या जाहिरातींत विसरभोळेपणापासून युद्धाघातापर्यंत अनेक दुखण्यांत उपयोग होतो असे सुचविले जाई. त्यास पुरेसा पुरावा नाही, असा तेथील सरकारी व्यापार आयोगाचा आरोप होता, आणि 2016 साली कंपनीने 20 लक्ष डॉलर भरून तडजोड केली. म्हणून कोणी मोबाइलवर चमत्कार विकू लागला, तर पाकीट खिशातच ठेवावे.

मग इतके सारे सांगितले कशासाठी? कारण या प्रयोगांचे खरे मोल आम्हांस वेगळे वाटते. टक्केवारी लहान असेल, पण तिच्या मागचा विचार मोठा आहे. संयम हा स्वभावाचा गुण तर खराच. पण तो मेंदूचे एक कामही आहे, आणि ते काम दुखावते, थकते, व काही अंशी सावरतेही. हे एकदा पटले, की माणसाला दोष देण्याऐवजी त्याचा हातचा हलका करण्याचे मार्ग सुचू लागतात.

हा विचार अगदीच नवा नव्हे. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ अमेरिकेत अॅक्रन गावी 1935 साली सुरू झाली. तिच्या दोघा संस्थापकांपैकी बिल विल्सन हे पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी होते. त्या चळवळीत जन्मभराचा निश्चय मागत नाहीत. फक्त आजचा दिवस मागतात. एवढा हातचा दुबळ्या मनालाही पेलतो. पुण्यास डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली 'मुक्तांगण' सुरू केले, पु. ल. देशपांडे यांनी त्यास साहाय्य केले, हे आपणांस ठाऊक आहेच. बरे झालेल्या मित्रांनीच नव्या मित्राला हात द्यावा, ही तेथील रीत. निश्चय एकट्याच्या मनात मावेना, तर तो चार मनांत वाटून ठेवावा, असेच नाही का ते?

आता सुभेदारांकडे वळतो. आमच्या त्या संभाषणानंतर दोन वर्षांनी, कुटुंबाच्या आग्रहाने, ते मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. औषधे, बोलण्याचे उपचार, साप्ताहिक बैठका सुरू झाल्या. नातवाने मोबाइलवर अक्षरे लक्षात ठेवण्याचा खेळ घालून दिला. डॉक्टर म्हणाले, अपाय नाही, खेळा. ते रोज सायंकाळी, नेमक्या त्या वेळेला, अर्धा तास खेळत. कशाने काय झाले हे आम्ही सांगू शकत नाही. मध्ये दोनदा ते घसरले, पुन्हा उठले. एकदा आम्ही विचारले, "त्या खेळात एवढं काय आहे?" ते म्हणाले, "साहेब, चुकलं की ते यंत्र रागावत नाही. पुन्हा सोपं करून देतं." आम्ही खाली पाहिले. इतकी वर्षे शेजारी राहून आम्हांस ते जमले नव्हते.

म्हणून मंडळापुढे चार नम्र सूचना ठेवतो. पहिली, आपल्या मिरवणुकीत फटाके नकोत. लेझीम आणि ढोल पुरेत, आणि ढोल कोठे वाजणार ते आधी सांगावे. दुसरी, कोणाच्या घरी हे दुखणे असेल तर त्याने एकदम, स्वतःच्या मनाने मद्य बंद करू नये. फार दिवस पिणाऱ्याने अचानक सोडल्यास झटके, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. माजी सैनिकांसाठी 2003 सालापासून अंशदायी आरोग्य योजना आहे, तिचे कागद भरून देण्यास आमच्यासारखे कचेरीतले लोक उपयोगी पडतील. तिसरी, केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा 2022 पासून चालू आहे. तिचा 14416 हा क्रमांक मंडळाच्या फलकावर कायमचा लिहावा. आणि चौथी, सायंकाळी सहा ते आठ मंडळाची खोली उघडी असावी. तेथे बुद्धिबळ असो, पत्ते असोत, वाचन असो. ज्याला ती वेळ कठीण जाते, त्याला कारण न सांगता येऊन बसता यावे.

आपण सारे घरापासून दूर आलेली माणसे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांनी परक्या गावी एकमेकांचे ओझे थोडे थोडे वाटून घेण्यासाठीच ते स्थापिले. सैनिक तर सर्वांहून दूर जाऊन आलेला, आणि त्याचे ओझे डोळ्यांना दिसतही नाही. त्याची सायंकाळ आपल्या कोणाच्या तरी दारावरून जाते. त्या वेळी उपदेश न करता 'या, बसा, चहा घ्या' एवढे म्हणावे. तेवढा वेळ त्याचा हातचा आपण धरू.